बांगड्या वाढवल्या

मला एका जागी बसवत नाही, हे आई मी रांगत होते तेव्हापासून सांगते. पण त्या आठवड्यात मी केंब्रिजच्या त्या अरुंद जिन्यावरून दहादा खालीवर केलं, तरी सरांचं दार वाजवायचा धीर होईना.

सर अमेरिकन इतिहासकार. तरुणपणी पुण्यात राहून मराठी शिकले आणि मग दुसऱ्यांची पुस्तकं संपादित करण्यात निम्मी हयात घालवली. आता निवृत्तीच्या तोंडावर एका मराठी घराण्याची जुनी पत्रं, हे त्यांचं स्वतःचं पुस्तक होतं. मी कॉव्हेंट्रीत वाढलेली त्यांची सहायक, इंग्रजी भाषांतर माझं. एका पत्रात दिराने लिहिलं होतं, 'वहिनींच्या बांगड्या वाढवल्या.' मी बिनदिक्कत लिहिलं, वहिनींना आणखी बांगड्या केल्या. त्या एका वाक्यावर सरांनी घराच्या भरभराटीचं अख्खं प्रकरण उभं केलं.

शनिवारी घरी जाऊन मी छपाईला जाणारी पानं आईला मोठ्या कौतुकाने दाखवली. ती त्या पत्रापाशी थांबली.

"अगं, वाढवल्या म्हणजे फोडल्या! नवरा गेला तिचा. फोडल्या म्हणू नये, म्हणून वाढवल्या म्हणतात."

"पण आई, यू नेव्हर टोल्ड मी!"

"घरात अभद्र कशाला बोलायचं?"

मला आईचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. प्रकरण पडलं तर सरांचं पुस्तक अडकणार होतं. आणि गप्प बसले असते, तर इथे कुणाला कळणार होतं?

गुरुवारी अखेर दार ढकललं आणि एका दमात सगळं ओकून टाकलं.

"कृपया आसनस्थ व्हा," सर त्यांच्या पुस्तकी मराठीत म्हणाले. मी उभीच. त्यांनी पत्र पुन्हा वाचलं आणि प्रकरणाच्या पहिल्या पानावर आडवी रेघ मारली. "ती बाई विधवा झाली आणि मी तिला दागिने घातले," एवढंच बोलले.

पुस्तक वर्षभर उशिरा निघालं. प्रस्तावनेत लिहिलं होतं की एका शब्दाचा अर्थ संपादकाने, म्हणजे सरांनी स्वतः, चुकीचा लावल्यामुळे विलंब झाला. प्रत्येक वाक्याला पुरावा मागणाऱ्या माणसाने हे छापावं? मी तणतणत त्यांच्या खोलीत गेले.

"सर, दॅट्स नॉट ट्रू. चूक माझी होती."

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण तुमचं हे पहिलं पुस्तक आहे. माझं शेवटचं."