सरकता उतार

मिरेल्ला दक्षिण इटलीतल्या कोझेन्झा शहरात एका छोट्या कंपनीत होती. उपग्रहाने टिपलेल्या चित्रांवरून जमिनीची हालचाल ओळखायची, हे तिचं काम. युरोपच्या अनुदानावर कंपनी कशीबशी तग धरून होती. स्वतःचं गिऱ्हाईक एकही नव्हतं. अशात तिला दिसलं, की तिच्या आजोळचाच डोंगरउतार हळूहळू खाली सरकतो आहे.

तिने साहेबांना सांगितलं, साहेबांनी जिल्ह्याला कळवलं. जिल्ह्याने कंपनीला पहिलं कंत्राट दिलं आणि वरच्या आळीतली घरं रिकामी करवली. त्यांत नुन्झियाता मावशीचंही घर होतं.

मिरेल्ला मदतीला गेली, तेव्हा मावशी टोमॅटोच्या रसाच्या बाटल्या खोक्यात भरत होती.

"एवढ्या उंचावरून माझंच घर बरं दिसलं गं तुला!"

"मावशी, भिंतींना तडे गेलेत."

"तडे माझ्या लग्नाच्या वेळीही होते. तेव्हा वरून कुणी बघत नव्हतं, म्हणून सुखात नांदले."

मावशी लेकीकडे तोरिनोला गेली. कंपनीत कंत्राटाच्या आनंदात वाइन उघडली गेली.

उतार अजून कोसळलेला नाही. गावकरी तेच मिरेल्लाला ऐकवतात. एकदाचा कोसळावा, असं कधी मनात येतं, आणि तिला स्वतःचीच भीती वाटते.