उघड्या दारात अडकलेली बाई

आमची वहिनी बसस्थानकावर घोषणा देते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, कुठली आज येणारच नाही, हे सगळं एकाच आवाजात. त्या आवाजात ना आनंद, ना दुःख, ना ताटकळलेल्या माणसाची कीव. नोकरीला असा आवाज झकास. पंचाईत एवढीच, की तिला नाटकाचं भारी वेड आणि रंगमंचावरही तिचा हाच आवाज लागतो.

आमची नाटकमंडळी हौशी. दिग्दर्शक मास्तर शाळेत भूगोल शिकवतात, मी झेरॉक्सचं दुकान चालवतो, बाकीचेही पोटापाण्याला असंच काहीबाही करतात. गेल्या वर्षी आम्हाला दुर्बुद्धी सुचली आणि आम्ही शोकनाट्य केलं. वहिनी आई झाली होती. मुलगा घर सोडून जातो आणि आई त्याच्यामागे धावते, असा प्रसंग. मुलगा गेला. वहिनी म्हणाली, "माझा बाळ निघून गेला आहे." प्रवाशांनी नोंद घ्यावी, एवढंच म्हणायचं राहिलं. पुढच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. त्यात ज्या दारातून तिला धावायचं होतं, ते प्लायवूडचं दार चौकटीत घट्ट बसलं. ओढलं, ढकललं, ढिम्म हलेना. शेवटी पुत्रवियोगाने वेडी झालेली ती आई भिंत संपते तिथून वळसा घालून बाहेर पडली. लोक पोट धरधरून हसले.

पडदा पडल्यावर मास्तर म्हणाले, "वहिनी, पुढच्या वर्षी तुम्ही तिकीटखिडकी सांभाळा." आम्ही सगळे आपापल्या चपला शोधायला लागलो. माझा दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, कुलपं आणि दारं दुरुस्त करतो. आपल्या बायकोचं एका फडतूस दारापायी हसं व्हावं, हे त्याला फार लागलं. बोलला काही नाही. तो बोलत नाहीच.

वहिनी मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. या वर्षीच्या पहिल्याच बैठकीला ती येऊन बसली आणि म्हणाली, "लोक हसले ना? आता आपण ठरवू तिथे हसतील." तिच्या डोक्यात सगळं तयार होतं. एक अर्धवट नाटकमंडळी खुनाचं रहस्यनाटक करायला घेते आणि त्यांचं सगळंच बिनसतं. दार उघडत नाही, खिडकी हातात येते, नट भलत्याच वेळी येतात. स्वतः वहिनी तपासाला आलेली फौजदार.

"आणि नाही हसले तर?" मास्तरांनी विचारलं.

"तर जन्मभर तिकिटं फाडीन. परत रंगमंचाच्या पायऱ्या चढणार नाही."

भाजी निवडतानाही संवाद म्हणणारी ही बाई, रंगमंचाशिवाय राहणार कशी?

तालमी सुरू झाल्या आणि कुणालाच हसू येईना. आम्ही मुद्दाम अडखळत होतो, डोळे फिरवत होतो, पडत होतो. मास्तर वैतागले. "अहो, तुम्ही वाईट नटाची टिंगल करताय! त्या बिचाऱ्याला वाटत असतं, आपण काय झकास काम करतोय."

"मला गेल्या वर्षी तसंच वाटत होतं," वहिनी म्हणाली.

मास्तर वहीची पानं उलटायला लागले. पण त्यानंतर ती फौजदार अशी काही जीव ओतून करायला लागली, की तिचं बघून आम्हाला आमचं काम कळलं. आवाज तोच, बसस्थानकाचा. चेहऱ्यावर मात्र जगातल्या सगळ्या खुनांची जबाबदारी.

दार आम्ही तेच जुनं घेतलं. या वेळी त्याने अडायलाच हवं होतं, म्हणून खाली चांगली पाचर ठोकली. पहिला अख्खा अंक त्या दारावर उभा होता. दादाला यातलं वहिनीने काहीही सांगितलं नाही. त्याला चकित करायचं होतं.

आणि दादाला तिला. प्रयोगाच्या दुपारी आम्ही सगळे जेवायला गेलो असताना तो हत्यारांची पिशवी घेऊन गुपचूप थिएटरात आला. बघतो तर काय, तेच दार आणि तसंच अडकलेलं! त्याने पाचर काढून फेकली, कड रंध्याने तासली, बिजागऱ्यांना तेल घातलं आणि बायकोची अब्रू वाचवल्याच्या समाधानात तिसऱ्या रांगेत जाऊन बसला.

मी प्रेत होतो. प्रेताचं काम सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा करून बघावं. पडदा उघडला तेव्हा मी गालिच्यावर दाराकडे तोंड करून पडलो होतो. नोकर झालेला औषधांचा दुकानदार ओरडला, "दार आतून बंद आहे! कुणालाही आत येता येणार नाही!"

वहिनीने बाहेरून बोट लावलं. दार हूं की चूं न करता सताड उघडलं.

नोकराचं तोंड उघडंच राहिलं. विंगेत मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. पुढची सगळी वाक्यं बंद दाराची होती. सभागृह चिडीचूप, आणि माझ्या मनात एकच, की वहिनी संपली, आता आयुष्यभर तिकीटखिडकी.

वहिनीने उघड्या दाराकडे पाहिलं. शांतपणे पुन्हा बाहेर गेली आणि ते ओढून घेतलं. मग दाराची मूठ खडखडायला लागली. दार थरथरायला लागलं. आतून कुणी लाथा घालतंय की बाहेरून कुणी जीव काढतंय, कळू नये असं. धडका, कण्हणं, धापा. एवढ्यात ते चोख तेल घातलेलं दार आपणहून पुन्हा उघडलं. वहिनी चौकटीत उभी. समोर मोकळी वाट. तिने खांदा लावला आणि हवेला धडक दिली. मागे सरकली, पुन्हा दिली. पाय चौकटीला टेकवून नसलेली कडी ओढली. घाम पुसला. दोन पावलं आत आली, आम्हा सगळ्यांकडे वळली आणि फलाटावरच्या आवाजात म्हणाली, "दार उघडत नाही आहे. फौजदार खिडकीतून येतील."

आणि दारातूनच बाहेर गेली.

मग जो हशा उठला, तो थांबायचं नावच घेईना. प्रेताचं पोट गदागदा हलायला लागलं, तेव्हा नोकराने माझ्या अंगावर टेबलक्लॉथ फेकला. वहिनी खिडकीतून आली ती गळ्यात चौकट घेऊनच, पण हसली नाही. शेवटपर्यंत आपलं काही चुकतंय असं तिच्या फौजदाराला वाटलंच नाही. प्रयोग संपला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि गेल्या वर्षी फिस्सकन हसलेला तो गृहस्थ बाकावर चढून. मला तर रडूच आलं. टेबलक्लॉथ होता म्हणून बरं.

"वहिनी," मास्तर हात जोडून म्हणाले, "तिकिटं मी फाडतो."

पण वहिनीचं लक्षच नव्हतं. दादा दाराशी गुडघे टेकून बसला होता. हातात तेलाची बुधली. दार उघडत होता, लावत होता, पुन्हा उघडत होता.

"तुम्ही इथे कधी आलात?" तिने विचारलं.

"तू ओढायला लागलीस तेव्हाच. मागच्या बाजूने धावत आलो." तो बिजागरीवरून बोट फिरवत होता. "अगं, मीच तासलं दुपारी. मीच तेल घातलं. चांगलं दहादा उघडून बघितलं. तरी अडकलंच कसं?"

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्हाला खरंच वाटलं, अडकलं?" हे विचारताना तिचा आवाज असा चढला, असा कापला, की आम्ही सगळे वळून बघायला लागलो.

"वाटलं म्हणजे? अडकलंच होतं की!"

ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसली, चौकट अजून गळ्यातच.

"उद्याच्या प्रयोगालाही घाला तेल," ती म्हणाली. "भरपूर घाला."