सोफ्याला शोभणारे मासे

पाहुण्यांना घरघर नको म्हणून भाऊजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा पंप रात्री बंद केला आणि नंतर तो सुरू करायला विसरले. सकाळी एक सोडून सगळे मासे मेलेले होते. रविवारी टाकी पुन्हा भरायला त्यांनी मला बोलावलं. ते उत्साहाने पाण्यात मीठ ढवळत होते. वाचलेला मासा बादलीच्या तळाशी निपचित होता.

"याचं काय करायचं?" मी विचारलं.

"तो फिका पडलाय. दुकानदाराला देऊन टाकू. या वेळी सगळे निळेच आणू, सोफ्याला शोभतील."

काही माणसांना जीव पाळायचाच नसतो, फक्त रंग पाळायचा असतो. मला त्यांची शिसारी आली. तरी मी हसून म्हणालो, "निळे छान दिसतील, भाऊजी." त्यानंतर मात्र मला माझ्याच आवाजाची किळस वाटत राहिली.