नववं लेकरू

आमच्या गावच्या दूध डेअरीत माप घेणाऱ्या माणसाला मी रोज भेटतो. बोलण्याआधी तो खांद्यावरच्या रुमालानं माप पुसतो. कुणी डिवचलं की जरा जास्तच पुसतो. डिवचणारे रोजचेच.

"काय मियाँ, लेकरं वाढवून राज घेता काय आमचं?"

"घेतलं असतं की," तो म्हणतो, "पर टँकर आमच्या मोहल्ल्यात येत न्हाई. राजाला आंघूळ कशानं घालू?"

लोक हसतात. माझं डोकं फिरतं. ज्यांच्या संख्येची भीती घालून मतं मागता, त्यांचा एक तरी माणूस पंचायतीत आहे का? नाही. म्हणून तर या दुष्काळात टँकर चावडीवरूनच माघारी फिरतो.

मी म्हणालो, "चाचा, यंदा तुम्ही उभे राहा."

त्यानं माप पुसलं. "मला तीन हायेत बाबा. कायदा निघाल्यावर तिसरं झालं, की उभं राहता येत न्हाई."

मी तावातावानं त्या कायद्याविरुद्ध पत्रक छापून आणलं. त्यानं मात्र म्हाताऱ्या आईचा अर्ज भरला. केजला तहसील कचेरीत अर्जांच्या छाननीत साहेबांनी विचारलं, "आजी, लेकरं किती?"

"नऊ!" आजी ठसक्यात म्हणाली.

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. चाचा पुढं झाला. रुमाल खांद्यावरच होता.

"साहेब, नववा मी. कायदा माझ्यानंतर जन्मला."

अर्ज मंजूर झाला. माझी पत्रकं वाया गेली नाहीत. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी ठळक अक्षरांत लिहिलं: नऊ लेकरं वाढवलेली आजी यंदा सगळ्यांना पाणी पाजणार!