खोड न काढणारा भाडेकरू

माल पाहताक्षणी त्याची स्तुती करणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि ते माझ्याच घरात भाड्याने राहिलं. तुमसरला माझा जुन्या ट्रॅक्टरांच्या खरेदी-विक्रीचा धंदा आहे. शून्यातून उभा केला, कुणाचा आधार घेतला नाही. ट्रॅक्टर घेताना इंजिनवर हात ठेवायचा, तोंड वाकडं करायचं आणि “धूर मारते” म्हणायचं, हे मी मिसरूड फुटायच्या आधी शिकलो. हा माणूस वरची खोली बघायला आला आणि दारातच म्हणाला, “वा! काय छान उजेड आहे!” मी भाडं तिथल्या तिथे वाढवलं. तो म्हणाला, “चालेल.” घासाघीस करणाऱ्याचाही मला कधी इतका राग आला नव्हता. अजून वाढवायला हवं होतं, हे आठवडाभर सलत राहिलं.

हे भाडेकरू सर साताऱ्याकडचे. मुलांची मनं खंबीर करण्याच्या कुठल्याशा प्रकल्पात कंत्राटी नोकरी. एसटीने पार नाकाडोंगरीपर्यंतच्या शाळांत जायचे आणि पोरांना विचारायचे, “तुझ्यात चांगलं काय आहे?” आमच्याकडे हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. तुझ्यात वाईट काय आहे ते सांगायला मात्र अख्खं गाव मोकळं असतं. महिनाभरात लोकांनी त्यांचं नाव ‘गुणवाले सर’ ठेवलं.

दुसऱ्यांची मनं खंबीर करणारा हा माणूस स्वतः पालीला घाबरायचा. भिंतीवर पाल दिसली की जिन्यात येऊन हाक मारायचा, “रोशनी, जरा वर ये गं!” रोशनी माझी मुलगी. ती झाडू घेऊन वर जायची. मी एकदा टोमणा मारला, “सर, लोकायच्या पोरायले हिंमत शिकवता अन् पालीले भेता?” ते शांतपणे म्हणाले, “धैर्य हा माझा गुणच नाही, काका. मदत मागणं हा आहे.” अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

एकदा ते राइस मिलच्या दाराशी एका हमालाशी बोलत बसले. त्याला म्हणाले, तुमच्याकडे चिकाटी आहे, ती फार थोड्यांकडे असते. दुसऱ्या दिवशी हमाल मालकापुढे उभा राहिला. “तांदळाचे कट्टे उचलाची मजुरी तं तुमी देता शेठ, आता चिकाटीचं बोला.” मालक तणतणत माझ्याकडे आला, “तुमचा भाडेकरू आवरा!” मी त्याच्यासमोर कपाळावर आठ्या आणल्या. मनात मात्र म्हटलं, या विद्येत धंद्याचं काहीतरी आहे.

मग ही विद्या माझ्या घरात शिरली. रोशनी पोलीस भरतीला उतरली होती. आठशे मीटर धावण्यात मागे पडली आणि यादीत नाव आलं नाही. तिने बूट खाटेखाली फेकले आणि खोलीचं दार लावून घेतलं. जेवायलाही बाहेर येईना. मी दाराबाहेरून ओरडलो, “तुह्यानं होनारच नव्हतं! मले मालूम होतं!” अडून बसलेल्या शेतकऱ्याच्या मालाला नावं ठेवली की तो ताळ्यावर येतो, तशी पोरगी चिडून उठेल, असं मला वाटलं. ती उठली नाही.

सरांनी दाराच्या फटीतून एक वही आत सरकवली. त्या दिवशी मैदानावर तिला जमलेल्या तीन गोष्टी लिही म्हणाले. वही बाहेर भिरकावली गेली. सर म्हणाले, “चालेल. उद्या.” असं तीन दिवस झालं. चौथ्या दिवशी वहीत एकच ओळ होती: गोळा फेकताना हात थरथरला नाही. सरांनी ती वाचली आणि परीक्षेत स्वतः पहिले आल्यासारखे हसले.

नंतर ते माझ्याकडे वळले. “काका, तुम्ही तिला रोज तिचा एक गुण सांगा. खरा. आणि पुढे ‘पण’ लावू नका.”

“रोज नाही जमत. आठवड्यातून एक.”

“चालेल.”

मी पुन्हा फसलो. त्यांनी जरा ओढून धरलं असतं तर मी आठवड्यातून दोनवर आलो असतो.

आता माझी तक्रार सांगतो. लाखांदूरकडचं एक स्थळ आलं. वीस एकर ओलिताची जमीन, पक्कं घर. तर्री-पोहे झाले आणि मुलाचा बाप सुरू झाला, “पोरगी तं बरी हाय. पन भरतीत नापास झाली म्हनतेत. रंग उन्हानं उतरला. उंची बी कमीच दिसून राहिली.” आधी इंजिन, मग रंग, मग टायर. क्रम माझाच होता, तोंडसुद्धा माझ्यासारखंच वाकडं केलेलं. माझ्या कानशिलात रक्त चढलं, पण माझ्या आधी रोशनीच बोलली.

“धावन्यात मागं पडली, हे खरं हाय काकाजी. गोळ्यात मागं नाही पडली. हारल्यावर चार दिवस निजली, पाचव्या दिवशी उठली. आता पुन्हा धावून राहिली. तुमच्या पोरात काय चांगलं हाय, ते बी सांगा ना.”

बापाने मुलाकडे पाहिलं. मुलाने मोबाइलकडे पाहिलं. त्याची आई म्हणाली, “तो लय साधा हाय.” चहा न घेताच मंडळी उठली.

मी तडक वर गेलो. “सर, चांगलं स्थळ घालवलं तुमी! खोली खाली करा!”

“चालेल,” ते म्हणाले. थोड्या वेळाने बॅग भरताना एवढंच बोलले, “काका, ती पाचव्या दिवशी उठली, हे तुम्ही ऐकलंत ना?”

बसस्टँडपर्यंत त्यांची बॅग रोशनीने नेली. पुढे प्रकल्प बंद पडला आणि सर आपल्या गावी गेले, असं तिच्याकडूनच कळलं. तक्रार माझी अजून कायम आहे. असं स्थळ पुन्हा आलं नाही.

यंदाच्या भरतीला मी तिला माझ्या गाडीने भंडाऱ्याला घेऊन गेलो. धावण्यात पुन्हा थोडक्यात राहिली. माझी जीभ वळवळायला लागली, म्हणून मी गेटबाहेर जाऊन सरांनाच फोन लावला. “सर, तुमची विद्या फेल गेली. पोरगी पुन्हा हारली.”

“अरेरे,” ते म्हणाले. मग विचारलं, “आत्ता काय करते आहे ती?”

मी जाळीतून पाहिलं. मैदानाच्या कडेला एक अनोळखी मुलगी हमसून रडत होती. रोशनी तिच्यासमोर उकिडवी बसून तिच्या बुटाची नाडी सोडत होती आणि काहीतरी विचारत होती. त्या मुलीने डोळे पुसले आणि बोटावर एक मोजलं. मग दोन. मी सरांना एवढंच सांगितलं, “पोरगी कामात हाय.” आणि फोन ठेवला.

परतीच्या वाटेवर वरठी गेलं, मोहाडी गेलं. शेवटी रोशनीनेच विचारलं, “बाबा, काहून काही बोलून नाही राहिले?”

“तू गाडी चांगली चालवते,” मी म्हटलं, गाडी कडेला थांबवली आणि चावी तिच्या हातात देऊन बाजूच्या सीटवर सरकलो.