घरची दोन मतं

मास्तरांची जीभ घसरली ती निव्वळ सौजन्यापायी. भरदुपारी प्रचाराची पोरं घामाघूम होऊन दारात आली आणि पाणी मागू लागली. मास्तर शिलाई मशीनवरून उठत म्हणाले, "या, बसा, आपलंच घर आहे." गिऱ्हाईक असो की पाहुणा, हे वाक्य त्यांच्या तोंडी बसलेलं. पोरांनी ते अक्षरशः घेतलं. संध्याकाळी मास्तर बाहेर येऊन बघतात तर छपरावर बांबू आणि बांबूवर झेंडा!

आता मास्तर काही राजकारणाला नाक मुरडणारे नव्हते. तरुणपणी सभेला पहिल्या रांगेत बसायचे, टाळ्या वाजवून हात लाल करून घ्यायचे. आलटून पालटून सगळ्यांना मत देऊन झालं आणि सगळ्यांनी तोंडाला पानं पुसली. यंदा मतदानालाच जायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पण झेंडा बघून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण कुणाचे, हे गल्लीने आपल्या छपरावर वाचायचं? आणि तेही आपल्याला न विचारता?

"राहू द्या हो," बायको शर्टाला काजं करता करता म्हणाली. "भाऊंशी वाकडं घेऊन इथं दुकान चालवायचंय का?"

भाऊ म्हणजे त्या भागातले पक्षाचे कर्तेधर्ते. बोलायला गोड, विसरायला अवघड. मागच्या खेपेला कोपऱ्यावरचा सायकलवाला त्यांना नाही म्हणाला होता. त्याच्या दुकानापुढचा रस्ता खणला गेला तो अजून तसाच आहे.

तरीही सकाळी मास्तरांनी शिडी लावली, झेंडा उतरवला, सवयीने त्यावर इस्त्री फिरवून घडी घातली आणि थेट भाऊंचं कार्यालय गाठलं. आत भाऊंभोवती माणसं बसली होती.

"तुमचा झेंडा आणलाय."

"का बरं, मास्तर? आपलंच घर ना?" भाऊंनी विचारलं. कुणीतरी खिदळलं.

"बसायला म्हटलं होतं. बांबू रोवायला नाही."

भाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे तिकडचे झालात."

"मी कुणाचाच नाही."

"असं कुठं असतं? तुमच्या घरची दोन मतं आम्ही धरून चाललोय."

मास्तरांना सायकलवाल्यापुढचा खणलेला रस्ता आठवला. तरी तोंडातून गेलंच, "दोन्ही कापा."

भाऊ हसले. "बरं. लक्षात ठेवतो."

ते हसणं घर येईपर्यंत मास्तरांच्या डोळ्यांपुढून हललं नाही. पण भीती वाटत होती तितकाच अभिमानही वाटत होता. बायकोला त्यांनी सगळं रंगवून सांगितलं आणि शाबासकीसाठी थांबले.

तिने सुई कापडात खोचली. "माझंही कापून आलात?"

"अगं, यंदा आपण जाणारच कुठं होतो?"

"तुम्ही नव्हता जाणार. मी जाणार आहे. दर वेळी जाते, आणि तुम्ही सांगता तिथं आजवर एकदाही दिलेलं नाही."

मास्तर मटकन स्टुलावर बसले. इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता.

"मग कुणाला देतेस?" त्यांनी हळूच विचारलं.

"भाऊंना सांगितलंत का तुम्ही, कुणाला देता ते?" तिने सुई पुन्हा हातात घेतली. "मग मला का विचारता?"