करंजाच्या तेलावरचा टेम्पो

वनस्पतीच्या तेलावर गाडी चालवली तर किती स्वस्त पडेल आणि धूर किती कमी होईल, असा हिशेब कुणी मांडायला लागलं की माझं डोकं फिरतं. लोकांना वाटतं, हिला नव्या गोष्टींचं वावडं आहे. वावडं नाही हो. हा हिशेब मी आमच्या मुलुंडच्या चाळीत, दोन खोल्यांत, अगदी जवळून पाहिलाय, आणि तो मांडणारा माझाच बाप होता.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. गिरणी सुटल्यावर बाबांनी जुना डिझेलचा टेम्पो घेतला होता आणि भांडुप-मुलुंडच्या कारखान्यांचा माल ते पोचवायचे. डिझेलचा भाव वाढला की त्या दिवशी बाबा जेवतानाही हिशेब मांडत बसायचे. अशात त्यांच्या डोक्यात करंज शिरला. गावी कोकणात करंजाचं तेल दिव्यात जाळायचे, मग इंजिनात का नाही जळणार? झाडं तर इथेही रस्त्याकडेला होतीच. फेरीवरून येताना ते शेंगांची पोती भरून आणायला लागले.

पोती दारात टाकली की बाबांचं काम संपलं. पुढचं सगळं आईचं. शेंगा गॅलरीत वाळवायच्या, बत्त्याने ठेचून बिया काढायच्या. टरफलं नखांत घुसायची, बोटांना भेगा पडायच्या. मासे साफ करताना भेगांना मीठ लागलं की ती ओठ चावून तसंच काम उरकायची. बाबा घाण्यावरून तेल काढून आणायचे, पण ते दाट, त्यात पाण्याचा अंश. डिझेलमध्ये मिसळण्याआधी तापवून गाळायला हवं. त्यासाठी गॅस कोण जाळणार? माळ्यावरची जुनी भुशाची शेगडी खाली आली आणि मोरीपाशी आईच्या पुढ्यात बसली. तो धूर आणि त्या तेलाचा कडवट, उग्र वास! भिंत काळी पडली. आईला खोकला लागला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा, मग जिना चढताना ती मधेच कठडा धरून उभी राहायला लागली. मी बाबांना सांगितलं तर म्हणाले, "हवा बदलतेय गो. चहात आलं घाल."

टेम्पो मात्र चालला. खरंच चालला, नाही कशाला म्हणू? बाबांना आभाळ ठेंगणं झालं. पार्ल्याच्या एका कॉलेजात विज्ञान शिकवणारे ओळखीचे सर होते, त्यांना ते एका रविवारी घेऊन आले. सर मासिकात लेख लिहिणार होते. अख्खी चाळ खाली जमली. सरांनी पांढरा रुमाल टेम्पोच्या धुराड्यापाशी धरला, आधी नुसत्या डिझेलवर, मग करंजाच्या मिश्रणावर. दुसरा डाग फिका निघाला. टाळ्या पडल्या.

मग वर चहा. सर म्हणाले, "आता खर्च सांगा. बिया?"

"फुकट."

"मजुरी?"

"मजुरी कसली सर? घरचंच काम."

सरांनी कागदावर शून्य लिहिलं. आत आई खोकत खोकत चहा गाळत होती.

माझा तोल गेला. "सर, तो रुमाल जरा इथे मोरीपाशी धरा ना. शेगडी पेटवते मी, मग लिहा धूर किती तो. आणि मजुरी शून्य कशी? दिवसभर ती ठोकत बसते ती काय हौस म्हणून?"

सर हसले. "मुलगी तडफदार आहे हो तुमची," म्हणाले आणि पेन खिशाला लावलं. त्यातलं एक अक्षर लिहून घेतलं नाही. बाबा लालबुंद झाले. पण ओरडली ती आई. "गप रव गो! पावण्यांसमोर तोंड सोडतंस?" त्या क्षणी मला सगळ्यांत जास्त राग तिचाच आला. अजूनही येतो.

लेख छापून आला. त्यात टेम्पोचं कौतुक होतं, बाबांच्या डोक्याचं होतं, फिक्या डागाचं होतं. शेगडीचा उल्लेखही नव्हता. बाबांनी तो कापून त्याच काळवंडलेल्या भिंतीवर चिकटवला.

पावसाच्या तोंडावर टेम्पोच्या डिझेल पंपात चिकटा बसला आणि इंजिन आचके द्यायला लागलं. बाबांनी लगेच पंप खोलून घाटकोपरच्या मेकॅनिककडे नेला. तो म्हणाला, "काका, बंद करा हे तेल. पंपाची वाट लागली ना!" त्याच दिवशी करंज बंद. उरलेली पोती त्यांनी नाल्यावर नेऊन ओतली. पंपाला त्रास होतोय हे त्यांना एका दुपारीत पटलं.

शेगडी विझली तरी आईचा खोकला गेला नाही. तिला दवाखान्यात न्यायला दिवाळी उजाडली, तेही मी हट्ट धरला म्हणून. डॉक्टरांनी छाती तपासली, पुन्हा तपासली आणि विचारलं, "घरात चूल आहे का?"

"छे हो, गॅस आहे आमच्याकडे," बाबा म्हणाले. खोटं नव्हतं ते. स्वयंपाक गॅसवरच व्हायचा. मग मीच सगळं सांगितलं, शेंगा, शेगडी, तेल, टेम्पो. डॉक्टर बाबांना काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात आई घाईघाईने म्हणाली,

"तसं काही नाही हो डॉक्टर. मलाच धुराची सवय नव्हती."